पातळ कापडाचा उन्हाळी ब्लाउज घरी शिवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. उन्हाळ्यात स्कर्टवर किंवा पँटवर घालण्यासाठी पातळ सुती कापडाचा, सैलसर आणि बिनअस्तराचा ब्लाउज घरीच शिवायचा आहे. हाताशी सरळ टीप मारणारे साधे शिलाई मशीन आहे, ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कच्ची कड दोऱ्यांनी गुंफून बंद करणारे मशीन, नाही. याआधीच्या प्रयत्नात टिपेजवळ कापड गोळा झाले, गळा पसरला आणि काही धुण्यांतच आतल्या कडांचे दोरे सुटू लागले.

या तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येतात, असे मला वाटते. जाडसर कापडावर जी पद्धत चालून जाते, तीच पातळ कापडावर वापरली की ते कापड प्रत्येक ढिलाई उघडी पाडते. म्हणून माझे उत्तर एका तत्त्वावर उभे आहे: पातळ कापडात शिवणी कमीत कमी ठेवाव्यात आणि जी शिवण घालावी लागेल तिची कच्ची कड तिच्याच पोटात बंद करावी. बिनअस्तराच्या कपड्यात आतली बाजू बाहेरून दिसते, शिवाय घामाने ओलसर झालेल्या अंगावर तीच घासते, त्यामुळे आतली सफाई हा येथे हौसेचा भाग राहत नाही. कापडाची निवड, बेत आणि शिवण्याचा क्रम या तत्त्वाला धरूनच ठरवावा.

कापडापासून सुरुवात करू. मलमल, व्हॉइल, लॉन आणि केंब्रिक ही चार सुती कापडे या कामासाठी योग्य आहेत, आणि याच क्रमाने ती साधारणपणे अधिकाधिक भरीव होत जातात. मलमल अंगाला सर्वांत सुखद असते, पण शिवताना सर्वांत जास्त सरकते. केंब्रिक हाताला सर्वांत सोपे, पण कडक उन्हाळ्यात किंचित जड वाटते. पहिल्यांदा शिवणाऱ्याने लॉन घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे, कारण त्याची वीण घट्ट असते, ते पुरेसे पातळ असते आणि इस्त्रीची घडी नीट धरून ठेवते. लिननही उत्तम, मात्र ब्लाउजसाठी त्याचा हलका प्रकारच निवडावा. रेयॉन सुळसुळीत पडते आणि दिसायला फार छान दिसते, परंतु ते कापताना आकार बदलते आणि ओले असताना त्याची ताकद कमी होते, म्हणून ते दुसऱ्या-तिसऱ्या ब्लाउजसाठी राखून ठेवावे. पॉलिएस्टरचे जॉर्जेट किंवा शिफॉन कितीही झिरझिरीत असले तरी उन्हाळ्यासाठी घेऊ नये. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, लिनन आणि रेयॉन त्याहूनही अधिक धरतात, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. हलकेपणा आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

कापड घेताना दोन गोष्टी हातानेच तपासाव्यात. एकेरी कापडाखाली तळहात धरावा. हातावरच्या रेषा स्पष्ट दिसत असतील तर शिवणीची माया, म्हणजे टिपेपलीकडे आत राहणारी जादा कापडाची पट्टीसुद्धा बाहेरून गडद पट्ट्यासारखी दिसणार, हे समजून घ्यावे. दुसरे म्हणजे, कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच आडवे ताणावे. धागे बाजूला सरकून फट पडत असेल, तर त्या कापडाचा अंगाबरोबर बसणारा ब्लाउज मुळीच करू नये, कारण पाठीवर आणि मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडली जाते त्या गोलाईजवळ, ताण आला की टीप शाबूत राहील, पण टिपेलगतचे कापड विरेल.

कापड आणल्यावर ते कापण्याआधी धुणे अपरिहार्य आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटणे अगदी सामान्य आहे, म्हणजे ६० सेंटिमीटर लांबीचा ब्लाउज २ ते ३ सेंटिमीटरने आखूड होऊ शकतो. तयार ब्लाउज ज्या पद्धतीने धुणार आहात त्याच पद्धतीने कापड धुवावे, किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी आणि त्याच वेळी त्याला पातळ खळ द्यावी. ही खळ अनेक जण वगळतात, आणि तिथेच निम्मे काम बिघडते. खळ दिलेली मलमल काही काळ कागदासारखी वागते: ती टेबलावर सरकत नाही, कात्रीखाली वाकत नाही आणि मशीनच्या दात्यांत ओढली जात नाही. ब्लाउज पूर्ण झाला की खळ धुऊन टाकायची असते, त्यामुळे कापडाचा मऊपणा कुठेही जात नाही.

आता बेताकडे वळू. वेगळी बाही जोडण्याचा बेत पहिल्या ब्लाउजसाठी घेऊ नये. पुढचा एक आणि मागचा एक असे दोनच भाग, आणि खांद्यापासून सलग निघालेली आखूड बाही, इतकेच पुरे. त्यात फक्त चार शिवणी येतात: दोन खांद्यांच्या आणि दोन बाजूंच्या. मुंढ्याची गोल शिवण, जी पातळ कापडात सर्वांत अवघड असते, ती या बेतात येतच नाही.

उदाहरणासाठी छातीचे माप ९२ सेंटिमीटर धरू. उन्हाळी ब्लाउजला छातीवर किमान १२ ते १५ सेंटिमीटर सैलपणा हवा, कारण कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळती राहिली तरच घाम वाळतो आणि कापड पाठीला चिकटत नाही. ९२ मध्ये १४ मिळवले की १०६ होतात, त्याचा चौथा भाग साडेसव्वीस सेंटिमीटर. ही पुढच्या आणि मागच्या भागाची मध्यरेषेपासून बाजूच्या शिवणीपर्यंतची रुंदी झाली. खांद्याच्या गळ्याकडील टोकापासून खाली २५ सेंटिमीटरवर काखेची रेषा घ्यावी. बाहीचे टोक मध्यरेषेपासून ३१ सेंटिमीटरवर आणि गळ्याच्या टोकापेक्षा साडेचार सेंटिमीटर खाली ठेवावे, म्हणजे खांद्याला नैसर्गिक उतार मिळतो. बाहीचे तोंड घडीवर १८ सेंटिमीटर, म्हणजे एकूण ३६. दंडाचा घेर ३० च्या आसपास असेल तर हे मोकळे बसते. घेर त्याहून मोठा असेल, तर दंडाच्या मापात ६ सेंटिमीटर मिळवून तोंडाचे माप ठरवावे आणि तोंड जितके वाढेल तितकी काखेची रेषाही खाली घ्यावी. खालचा घेर बाजूला २९ सेंटिमीटरवर सोडावा. बाजू अशी तिरपी झाली की खालची कड बाजूच्या शिवणीपाशी एक ते दीड सेंटिमीटर वर उचलून गोलसर करावी लागते, नाही तर तयार ब्लाउज दोन्ही बाजूंना लोंबतो. नितंबांचे माप १०६ पेक्षा जास्त असेल, तर त्यात किमान १० मिळवून चौथा भाग घ्यावा आणि खालचा घेर तिथे न्यावा.

काखेचे वळण मात्र घाई न करता काढावे. बाहीच्या खालच्या रेषेतून बाजूच्या रेषेत जाताना कोन येता कामा नये. तिथे लांबट, सौम्य वळण हवे. या वळणाचा संबंध पुढे शिवणीशी येतो, कारण बंद कडेची शिवण तीव्र वळणावर सपाट बसूच शकत नाही.

छातीचा उभार जास्त असेल तर पुढचा भाग वर उचलला जातो आणि खालची कड पुढून आखूड दिसते. अशा वेळी पुढच्या भागाची बाजू २ सेंटिमीटर लांब ठेवून, काखेखाली साधारण ५ सेंटिमीटरवर तेवढाच आडवा टक्स, म्हणजे टोकाकडे निमुळती होत जाणारी शिवलेली चुणी, घ्यावा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या बाजूंची लांबी पुन्हा सारखी होते. टक्सचे टोक छातीच्या उंच बिंदूच्या ३ सेंटिमीटर अलीकडेच संपवावे.

गळा ही या बेतातली सर्वांत फसवी जागा आहे. बटण किंवा चीर नसलेल्या ब्लाउजमध्ये डोके गळ्यातूनच जायला हवे, आणि प्रौढ डोक्याचा घेर साधारण ५५ ते ५८ सेंटिमीटर असतो. मध्यरेषेपासून ९ सेंटिमीटर रुंद, पुढे ११ आणि मागे अडीच सेंटिमीटर खोल असा गळा कागदावर पुरेसा मोठा दिसतो, पण त्याचा घेर जेमतेम ५१ सेंटिमीटर भरतो. हाच गळा साडेदहा सेंटिमीटर रुंद, पुढे १४ आणि मागे ३ सेंटिमीटर खोल घेतला, तर घेर ६१ च्या आसपास जातो आणि ब्लाउज सहज घालता येतो. लहान गळाच आवडत असेल तर मागच्या मध्यभागी १० सेंटिमीटरची चीर ठेवून वर एक बटण आणि दोऱ्याचा फास द्यावा. कोणताही आकार घेतला तरी मेजरिंग टेप उभी धरून, म्हणजे तिची कड वळणावर टेकवून, गळ्याची रेषा मोजावी आणि मगच कात्री उचलावी.

या मापांसाठी १४० सेंटिमीटर पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, कापड एक मीटर पुरते, कारण दोन्ही भाग शेजारी शेजारी बसतात. पन्हा ११० असेल तर भाग एकाखाली एक घ्यावे लागतात, म्हणून दीड मीटर कापड घ्यावे. गळ्याची उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, पट्टी उरलेल्या कापडातून निघते.

कापताना कापड दुहेरी करू नये. पूर्ण भागाचा कागदी नमुना करून तो एकेरी कापडावर ठेवावा आणि कापडाखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून दोन्ही एकत्र कापावे. कापडाचा कोणताही भाग टेबलाच्या कडेवरून लोंबता राहू देऊ नये, कारण त्या वजनाने धागे तिरके होतात आणि तयार ब्लाउज एका बाजूला फिरतो. उभा धागा काठाला समांतर आहे की नाही, हे डोळ्यांच्या अंदाजावर न सोडता दोन ठिकाणी मोजून पाहावे. खांद्याला आणि बाजूंना दीड सेंटिमीटर, गळ्याला ७ मिलिमीटर, बाहीच्या तोंडाला २ सेंटिमीटर आणि खाली ३ सेंटिमीटर माया ठेवावी. टाचण्या बारीक घ्याव्यात आणि त्या शक्यतो मायेतच टोचाव्यात.

मशीनकडे येण्याआधी गळ्याला एक आधाराची टीप द्यावी. भाग कापून झाला, कागद बाजूला केला की लगेच, दुसरे काहीही करण्यापूर्वी, गळ्याच्या कडेपासून ५ मिलिमीटर आत बारीक टाक्यांची एकेरी टीप मारावी. खांद्याकडून मध्याकडे, दोन्ही बाजूंनी वेगवेगळी. गोल गळ्याचा मधला तिरका भाग नुसत्या हाताळण्यानेही ताणला जातो, आणि एकदा ताणला गेलेला गळा पुन्हा पूर्ववत होणे कठीण असते. गळा पसरण्याच्या तक्रारीवर हा अर्धा उपाय आहे. उरलेला अर्धा पट्टीच्या मापात आहे.

टिपेजवळ कापड गोळा होण्याची कारणे बहुतेक वेळा सुई आणि दोऱ्यात सापडतात. रोजच्या वापरातली १४ किंवा १६ नंबरची सुई व्हॉइलच्या धाग्यांना बाजूला ढकलते आणि त्या धाग्यांना परत सरकायला जागाच उरत नाही. ९ नंबरची, फार तर ११ नंबरची, आणि कोरी सुई लावावी. दोरा बारीक घ्यावा, आणि वरचा व बॉबिनचा दोरा एकच असावा. टाका २ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंचाला सुमारे बारा टाके. वरचा ताण थोडा सैल करावा, आणि बॉबिन भरताना दोरा ताणून भरला जात नाही ना, हेही पाहावे, कारण ताणून भरलेला दोरा टीप मारून झाल्यावर आकसतो आणि कापडाला सोबत ओढतो. प्रेसर फूटचा, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब कमी करता येत असेल तर तोही करावा. हे सगळे त्याच कापडाच्या तुकड्यावर, दुहेरी करून, आधी तपासून घ्यावे.

टीप सुरू करताना कापडाचा कोपरा सुईच्या भोकात ओढला जातो, यावर सोपा उपाय आहे. आधी चिंधीच्या एका तुकड्यावर चार-सहा टाके मारावेत आणि दोरा न तोडता खरे कापड त्याला लागून फूटखाली सरकवावे. चिंधी नंतर कापून टाकावी. सुरुवातीला उलट टीप मारण्याऐवजी दोरे लांब ठेवून हाताने गाठ मारणे पातळ कापडावर जास्त सुबक दिसते. कापड मागून ओढू नये. दोन्ही हातांनी फक्त सपाट धरावे आणि मशीनला त्याच्या गतीने नेऊ द्यावे.

आता ओव्हरलॉकविना कड बंद करण्याची फ्रेंच शिवण. दोन्ही भागांच्या उलट बाजू एकमेकांना लावाव्यात, म्हणजे सुलट बाजू बाहेर राहतील. हे पहिल्यांदा चुकल्यासारखे वाटते, पण क्रम हाच आहे. कडेपासून ७ मिलिमीटरवर टीप मारावी. मग माया ३ ते ४ मिलिमीटर उरेल इतकी छाटावी. येथे घाई केली, तर शेवटी शिवणीतून बारीक तंतू बाहेर डोकावतात आणि ते काढायला पुन्हा सगळे उसवावे लागते. त्यामुळे छाटल्यावर सुटे दोरेही एकदा उचलून टाकावेत. त्यानंतर शिवण उघडून इस्त्री करावी, भाग उलटवावेत, टीप बरोबर घडीच्या कडेवर येईल असे बोटांनी चोळून पुन्हा इस्त्री करावी, आणि आता सुलट बाजू आत ठेवून कडेपासून ८ मिलिमीटरवर दुसरी टीप मारावी. ७ आणि ८ मिळून दीड सेंटिमीटर माया पूर्ण वापरली जाते आणि ब्लाउजचे माप जागेवर राहते. काखेच्या वळणावर, पहिली टीप मारून माया छाटल्यावर, टिपेपर्यंत न पोहोचणारे बारीक काप द्यावेत. दुसऱ्या टिपेनंतर काप देता येत नाहीत, कारण मग बंद केलेली कड पुन्हा उघडी पडते. काखेचे वळण सौम्य हवे असे वर म्हटले ते याचसाठी.

टक्स असेल तर तो सर्वांत आधी घालावा. त्यानंतर खांदे फ्रेंच शिवणीने जोडून ती मागच्या भागाकडे झुकवून इस्त्री करावी, आणि बाजू जोडण्याआधी, ब्लाउज टेबलावर सपाट पसरता येतो तेव्हाच, गळा पूर्ण करावा.

गळ्यासाठी ४ सेंटिमीटर रुंदीची उरेब पट्टी, धाग्याशी नेमक्या ४५ अंशांच्या कोनात कापावी. गळ्याच्या टिपेच्या रेषेची लांबी मोजून पट्टी त्यापेक्षा सुमारे ३ सेंटिमीटर कमी ठेवावी, जोडाची माया वेगळी धरावी, आणि टोके जोडून तिचे कडे करावे. पट्टी उभी दुमडून, उलट बाजू आत ठेवून, इस्त्री करावी. ही इस्त्री करताना तिला गळ्यासारखे वळण द्यायचे: घडीची कड बाहेरच्या, लांब वळणावर ताणत न्यायची आणि कच्च्या कडा आतल्या वळणावर ठेवायच्या. वाफेची इस्त्री असेल तर पट्टी हे वळण आनंदाने धरते. मग पट्टी गळ्याच्या सुलट बाजूवर, कच्च्या कडा कच्च्या कडेला लावून, चार सारख्या भागांत टाचावी. पट्टी किंचित ताणलेली आणि गळा अजिबात न ताणलेला, अशा स्थितीत ७ मिलिमीटरवर टीप मारावी. माया निम्मी छाटून, वळणावर सेंटिमीटर-सेंटिमीटरवर काप देऊन, पट्टी आत वळवावी. जोडाची रेषा केसभर आतल्या बाजूला जाईल असे दाबून इस्त्री करावी आणि घडीची कड बारीक टिपेने किंवा हातशिलाईने बसवावी. पट्टी गळ्यापेक्षा लहान असल्यामुळे ती कडेला अंगाकडे खेचून धरते, आणि गळा पुढे वाकताना उघडा पडत नाही. पट्टी दुहेरी असल्याने तिची कड वेगळी दुमडावी लागत नाही, म्हणून हा प्रकार मला एकेरी पट्टीपेक्षा अधिक पसंत आहे.

इस्त्रीबद्दल एवढेच की प्रत्येक टिपेनंतर ती हवी, आणि पातळ कापडावर ती फिरवायची नसते, उचलून ठेवायची असते. रेयॉनवर मध्यम उष्णता आणि उलट बाजू, सुती व लिननवर जास्त उष्णता चालते.

बाजू जोडण्यापूर्वी बाहीच्या तोंडाच्या आणि खालच्या कडेच्या दुमडीच्या घड्या इस्त्रीने पाडून ठेवाव्यात आणि पुन्हा उघडाव्यात. बाही शिवून नळीसारखी झाल्यावर इतक्या लहान तोंडावर सारखी घडी पाडणे अवघड जाते. आधी पाडलेली घडी मात्र आपोआप परत बसते. बाहीला आधी पाऊण सेंटिमीटर आणि मग सव्वा सेंटिमीटर अशी दुहेरी दुमड घ्यावी. मुक्त दांड्याचे, म्हणजे ज्याच्या अरुंद दांड्यावर बाही चढवता येते असे, मशीन नसेल तर बाही उलटी न करता, फूट नळीच्या आतल्या बाजूला ठेवून, थोडे थोडे फिरवत शिवावे.

खालची कड घालण्याची घाई करू नये. बाजू जोडून झाल्यावर ब्लाउज एक रात्र हँगरवर टांगून ठेवावा. बाजूंचा तिरका भाग स्वतःच्या वजनाने थोडा उतरतो, रेयॉनमध्ये तर बराच, आणि तो उतरायचा तेवढा उतरल्यावरच कड पुन्हा मोजून, लागल्यास बाजूंना छाटून, सारखी करावी. मग १ सेंटिमीटर आणि २ सेंटिमीटर अशी दुहेरी दुमड घ्यावी. कड गोलसर असल्यामुळे वरच्या बाजूला थोडे कापड जास्त उरते. ते एका ठिकाणी चुणी होऊ न देता टाचण्यांनी सगळीकडे वाटून द्यावे, किंवा पहिल्या दुमडीच्या कडेला हाताने धावदोरा घालून तो हलकेच ओढून जिरवावे.

बाजूंना चिरा ठेवाव्यात का, असे पुष्कळ जण विचारतात. फ्रेंच शिवण जिथे संपते तिथे चिरेची कड सफाईने सुरू करणे जमते, पण त्यासाठी मायेला आडवा काप द्यावा लागतो आणि पातळ कापडात तोच कोपरा पुढे फाटतो. वर दिलेला खालचा घेर बसण्या-उठण्याला पुरेसा आहे, तेव्हा या ब्लाउजमध्ये चिरा नकोत.

शेवटी ब्लाउज कोमट पाण्यात धुऊन सगळी खळ काढून टाकावी, कारण खळ राहिलेल्या कपड्याला साठवणीत कसर लागण्याचा धोका असतो. वाळल्यावर एकदा घालून दोन्ही हात वर करून पाहावेत. काखेत ओढ जाणवली, तर बाजूची शिवण न उसवता वळणावर वाफेची इस्त्री धरून ते हलकेच ताणावे. एवढ्याने न भागल्यास पुढच्या ब्लाउजच्या कागदावर काखेची रेषा एक सेंटिमीटर खाली घेऊन ठेवावी.